पंचनाम्यात सैतान



२०१४ च्या जुलैत आलेला 'डिलिव्हर अस फ्रॉम ईव्हिल' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. थिएटरात नाही तर निदान रात्री पोरं झोपल्यावर टीव्हीचा आवाज बारीक करून. न्यूयॉर्कचा एक पोलीस सार्जंट, ब्रॉन्क्समधलं ४६वं प्रिसिंक्ट, इराकमधून काहीतरी भलतंच अंगात घेऊन परत आलेले सैनिक आणि मदतीला एक सिगरेट ओढणारा पाद्री. एरिक बाना सार्जंट झाला आहे. सिनेमा म्हणून मला बरा वाटला, पाऊस आणि अंधार जरा जास्तच आहे. (ब्रॉन्क्समधे कधी ऊन पडतच नाही असा समज होतो!)

शेवटचा मोठा प्रसंग पोलीस ठाण्यातल्या चौकशीच्या खोलीत होतो. समोर बेड्या घातलेला आरोपी, एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला मंत्र म्हणणारा पाद्री. आरोपीच्या अंगातला सैतान जबाब देतो, पोलीस तो ऐकून घेतो. मला या प्रसंगाची भीती वाटली नाही, पण डोक्यात एक किडा वळवळायला लागला. असा जबाब खरोखर कुणी नोंदवला तर पुढे त्याचं काय होतं? कोर्टात तो चालतो का? 'सैतानाने माझ्याकडून करवून घेतलं' असं अमेरिकेत कुणी न्यायाधीशासमोर म्हटलं आहे का?

म्हटलं आहे. आणि ते ठिकाण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वाटेवर आहे. पण आधी सार्जंटबद्दल थोडं सांगतो.

सिनेमातला राल्फ सार्ची हा खरा माणूस. न्यूयॉर्क पोलिसात सार्जंट होता आणि 'बिवेअर द नाइट' हे त्याचं पुस्तक २००१ साली आलं. पुस्तकात तो भूतबाधेची कामं करतो ती ड्यूटी संपल्यावर, स्वतःच्या वेळात. दिवसा (किंवा रात्रपाळीत) चोऱ्या-माऱ्या, सुट्टीच्या दिवशी सैतान, असा हिशोब. इराक, गुहेतला शिलालेख, चौकशीच्या खोलीतला विधी वगैरे सगळं पटकथाकारांनी रचलेलं. म्हणजे भुतांवर मनापासून विश्वास असलेल्या या पोलिसानेही वर्दी आणि विधी यांचे दोन डबे वेगळे ठेवले होते. सिनेमाने ते एकत्र कालवले. सार्चीचा एड आणि लॉरेन वॉरन या कनेटिकटच्या भूतशोधक जोडप्याशी संबंध होता. 'कॉन्ज्युरिंग' सिनेमांमुळे हे जोडपं आता सगळ्यांना माहीत आहे. आणि हेच जोडपं आपल्याला त्या कोर्टापर्यंत घेऊन जातं.

आय-८४ ने न्यूयॉर्ककडून हार्टफर्डकडे जाताना डॅनबरी लागतं. त्याला लागूनच ब्रुकफील्ड. १७८८ साली स्थापन झालेलं हे छोटंसं गाव. १६ फेब्रुवारी १९८१ पर्यंत या गावात खून म्हणून झाला नव्हता. १९३ वर्षांत एकही नाही! त्या दिवशी १९ वर्षांच्या आर्न जॉन्सनने तब्येत बरी नाही म्हणून कामावर दांडी मारली आणि मैत्रीण काम करत होती त्या कुत्र्यांच्या केनेलवर गेला. तिथला मॅनेजर ॲलन बोनो, वय ४०, हाच त्यांचा घरमालकही होता. सगळे मिळून जेवायला बाहेर गेले, बोनो भरपूर प्यायला, संध्याकाळी बाचाबाची झाली, आणि आर्नने पाच इंची खिशातल्या चाकूने त्याला भोसकलं. काही तासांनी बोनो गेला. आर्न तिथून दोनेक मैलांवर सापडला. पोलिसांच्या दृष्टीने यात गूढ असं काही नव्हतं. दारू, भांडण, चाकू. जगातल्या कुठल्याही ठाण्यातला हवालदार अशी केस डोळे मिटून लिहील.

दुसऱ्याच दिवशी लॉरेन वॉरन यांनी ब्रुकफील्डच्या पोलिसांना कळवलं की गुन्हा घडला तेव्हा या मुलाला सैतानाची बाधा झालेली होती. त्यामागची कथा अशी. आर्नच्या मैत्रिणीच्या ११ वर्षांच्या भावाला १९८० च्या उन्हाळ्यापासून भयंकर भास होत होते. घरच्यांनी वॉरन दांपत्याला बोलावलं, पाद्री आले, प्रार्थना झाल्या. (विधिवत एक्झॉर्सिझम झाल्याचं चर्चने काही मान्य केलं नाही.) त्या सगळ्या गोंधळात आर्न म्हणे ओरडला, 'त्या पोराला सोड, मला धर'. आणि त्याने धरलं! आपल्याकडे खेडेगावात आजही ही गोष्ट सांगितली तर कुणाची भुवई वर जाणार नाही. एकाची बाधा दुसऱ्याने अंगावर घेण्याच्या कथा कोकणात पायलीला पन्नास मिळतात.

आर्नचा वकील मार्टिन मिनेला याने ठरवलं की बचाव हाच घ्यायचा. आरोपीने वार केला हे मान्य, पण त्या क्षणी तो 'तो' नव्हता. मिनेलाने पाद्र्यांना साक्षीला बोलवायची तयारी सुरू केली. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? देशभरातले पत्रकार डॅनबरीच्या कोर्टाबाहेर गोळा झाले.

२८ ऑक्टोबर १९८१ ला खटला सुरू झाला आणि न्यायाधीश रॉबर्ट कॅलाहन यांनी हा बचाव तिथल्या तिथे बाहेर काढला. सैतान आहे की नाही या वादात ते शिरलेच नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की अशी गोष्ट कधीच सिद्ध करता येणार नाही, तिला शास्त्रीय आधार नाही, तेव्हा त्याबद्दलची साक्ष मी घेणार नाही. वकिलाची बोटच बुडाली. मग स्वसंरक्षणाचा मुद्दा पुढे आला. ज्युरीने तीन दिवसांत मिळून १५ तास खल केला आणि २४ नोव्हेंबरला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला. शिक्षा १० ते २० वर्षं, आर्न सुटला साधारण पाच वर्षांत.

या कथेवर १९८३ मधे पुस्तक आलं, टीव्ही सिनेमा आला, २०२१ मधे 'कॉन्ज्युरिंग'चा तिसरा भाग आला, २०२३ मधे माहितीपट आला. मधे २००७ साली त्याच कुटुंबातल्या मुलांनी 'हे सगळं बनावट होतं' असं म्हणून पुस्तकवाल्यांना कोर्टात खेचलं. २०२१ च्या सिनेमात सगळे आहेत: आर्न आहे, वॉरन आहेत, तो छोटा मुलगा आहे. फक्त मेलेल्या माणसाचं नाव बदललेलं आहे. ॲलन बोनोच्या जागी तिथे एक ब्रूनो सॉल्स नावाचं पात्र आहे. मला ही गोष्ट सैतानापेक्षा जास्त खटकते. सगळ्या प्रकरणात ज्याचं अस्तित्व निर्विवाद होतं तो हाच एक माणूस, आणि नेमका तोच गळाला.

असो. कॅलाहन साहेबांनी दोन वाक्यांत जे उडवून लावलं ते इतकं सरळ वाटतं की यात काय मोठंसं असं कुणीही म्हणेल. पण हे सरळपण अमेरिकेला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी ब्रुकफील्डहून गाडी मॅसॅच्युसेट्सकडे वळवायला हवी, आणि काटा तीनशे वर्षं मागे.

सेलमचं नाव आपण सगळे हॅलोवीनच्या निमित्ताने ऐकतो. गोष्ट सुरू झाली ती सेलम व्हिलेजमधे, म्हणजे आजच्या डॅनव्हर्समधे. १६९२ च्या हिवाळ्यात पाद्री सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातल्या दोन मुली, वय ९ आणि ११, किंचाळायला, वेडंवाकडं अंग वळवायला लागल्या. डॉक्टर आणि पाद्र्यांनी चेटूक ठरवलं. फेब्रुवारीअखेर पहिली वॉरंटं निघाली, आणि मग यंत्रणा कामाला लागली. कॉन्स्टेबल घरोघर जाऊन लोकांना उचलायला लागले, तुरुंग भरले. मे महिन्यात गव्हर्नर विल्यम फिप्स याने खास कोर्ट नेमलं, विल्यम स्टॉटन त्याचा मुख्य. हे लिंचिंग नव्हतं हे लक्षात घ्या. वॉरंट, जबाब, ज्युरी, निकाल, सगळं शिस्तीत. प्रोसेसमधे खोट काढायला जागा नाही. खोट होती ती इनपुटमधे.

त्या कोर्टाने एक विशिष्ट पुरावा मान्य केला होता, त्याला छायापुरावा म्हणू. पीडित मुलगी कोर्टात सांगायची की ही जी समोर उभी आहे तिची छाया आत्ता मला चावते आहे, गळा दाबते आहे. छाया फक्त तिलाच दिसणार. न्यायाधीशाला नाही, ज्युरीला नाही, आरोपीला तर नाहीच. 'मी त्या रात्री घरी नवऱ्याशेजारी झोपले होते' याला काही अर्थ उरत नाही, कारण शरीर घरी होतं, छाया बाहेर! आमच्या धंद्यात असा बग-रिपोर्ट येतो कधीकधी. फक्त एका माणसाच्या मशीनवर दिसतो, दुसऱ्या कुणाला करून दाखवता येत नाही. त्यावर फार तर 'रिप्रोड्यूस होत नाही' म्हणून आपण तिकीट बंद करतो. तिथे त्यावर माणसं फासावर चढत होती.

७१ वर्षांची रेबेका नर्स, गावात मान असलेली म्हातारी. ज्युरीने आधी तिला निर्दोष ठरवलं. मुलींनी आकांत मांडला, स्टॉटनने ज्युरीला पुन्हा विचार करायला लावला, ज्युरीने निकाल फिरवला. १९ जुलैला फाशी. ८० च्या आसपासचा जाइल्स कोरी खटल्याला उत्तर द्यायलाच तयार होईना, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत गेले. दोन दिवस. तो त्यातच मेला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत १९ जण फासावर गेले, त्यात १४ बायका. तुरुंगात मेले ते वेगळे. आणि सर्वांत वाईट भाग म्हणजे ज्यांनी 'हो, मी चेटकी आहे' असं खोटं कबूल केलं त्यांचा जीव वाचला. देवाच्या भीतीने खोटं बोलायला नकार दिला ते मेले. चौकशीत कबुलीजबाबाला फार किंमत दिली की काय होतं याचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

हे थांबवणाऱ्यांमधला एक माणूस मला विशेष आवडतो. थॉमस ब्रॅटल, बॉस्टनचा व्यापारी, गणिती आणि हौशी खगोलशास्त्रज्ञ. १६८० च्या धूमकेतूची त्याने केलेली निरीक्षणं न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त वापरली. म्हणजे आपल्याच जातकुळीतला माणूस. ऑक्टोबर १६९२ मधे त्याने एका पत्रात कोर्टाच्या पद्धतीची सालं काढली. भुतं-सैतान नाहीत असं तो कुठेही म्हणत नाही, ते तर त्या काळात कुणीच म्हणत नव्हतं. त्याचा मुद्दा मला वकिलापेक्षा टेस्टरचा वाटतो. या मुली स्वतःच सांगतात की ही माहिती त्यांना सैतानाकडून कळते. मग तुम्ही शपथेवर नोंदवताय ती साक्ष कुणाची? सैतानाची! आणि तो तर खोटारडा म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्याच महिन्यात इन्क्रीज मॅदर हा वजनदार पाद्रीही बोलला, की एका निरपराध माणसाला मारण्यापेक्षा दहा संशयित चेटक्या सुटलेल्या पत्करल्या. ऑक्टोबरअखेर फिप्सने ते कोर्ट बंद केलं. जानेवारी १६९३ मधे नवीन कोर्ट बसलं, त्यात छायापुरावा चालणार नाही असं ठरलं. आणि बघा, तेच गाव, तेच साक्षीदार, तोच कायदा, पण बहुतेक सगळे सुटले. तिघी दोषी ठरल्या, त्यांनाही फिप्सने फाशीपासून वाचवलं. सैतान नाही असं कुणीच ठरवलं नव्हतं. फक्त त्याची साक्ष घेणं बंद केलं.

कॅलाहन साहेब १९८१ मधे जे बोलले ते याच वाटेने आलेलं आहे. सेलममधे सैतानाच्या नावाने आरोप होत होते, ब्रुकफील्डमधे बचाव होत होता, पण गाठ एकच. ज्याची उलटतपासणी घेता येत नाही त्याला साक्षीला उभं करायचं का?

आता कुणी म्हणेल, की वेड लागलं होतं असा बचाव तरी कुठे डोळ्यांना दिसतो? तोही चालतोच ना? चालतो. त्याच १९८१ च्या मार्चमधे जॉन हिंक्लीने रेगनवर गोळ्या झाडल्या आणि पुढच्या वर्षी वेडसरपणाच्या मुद्द्यावर ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. लोक एवढे भडकले की १९८४ मधे काँग्रेसने या बचावाचे नियमच कडक केले. पण तिथे दोन्ही बाजूंचे डॉक्टर माणसाला तपासू शकतात, एकमेकांना खोडू शकतात. मिनेला मात्र म्हणत होता की माझा माणूस शहाणा आहे, फक्त त्या वेळी तो दुसरा कुणीतरी होता.

भारतातल्या कोर्टाने याहून नाजूक केस हाताळली आहे. १९५८ साली ओरिसात रासगोविंदपूरच्या पडीक विमानतळावर एक व्यापारी भंगार विकत घ्यायला गेला होता. जागेला भुतांची ख्याती. रात्री दूर एक लुकलुकता दिवा दिसला आणि त्याभोवती हलणाऱ्या आकृती. त्याचा नेपाळी नोकर खुकरी उपसून धावला आणि भुतांवर वार करत सुटला. ती भुतं नव्हती, कंदील घेऊन मोहाची फुलं वेचणाऱ्या आदिवासी बायका होत्या. एक मेली, इतर जखमी झाल्या. हायकोर्टाने नोकराची सुटका कायम ठेवली, तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम ७९ खाली: आपण माणसावर नाही, भुतावर वार करतोय असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं होतं. कोर्टाने भूत मानलं नाही, भुतावरचा विश्वास पुराव्याने तपासला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही केस गंमत म्हणून शिकवतात असं ऐकतो. मला त्या मोह वेचणाऱ्या बाईचा विचार केल्यावर गंमत वाटत नाही.

अमेरिकेत पोलिसांच्या कागदांत भुतं अजूनही अधूनमधून उगवतात. २०१२ साली इंडियानातल्या गॅरीमधे एका कुटुंबाच्या बाबतीत बालकल्याण खात्याच्या नोंदीत चक्क मुलगा भिंतीवर उलटा चालत गेल्याचं लिहिलं गेलं, आणि एका अनुभवी पोलीस कॅप्टनने आपला विश्वास बसल्याचं सांगितलं. सरकारने केलं काय, तर मुलांना काही महिने ताब्यात घेतलं, त्यांची शाळा, समुपदेशन बघितलं आणि वर्षअखेरीस परत आईकडे दिलं. फॉर्ममधे भुतासाठी रकाना नव्हता, हे बरंच झालं.

पण जिथे खरोखर पोलीस लागतो ती जागा वेगळीच आहे. २२ ऑगस्ट २००३, मिलवॉकी. एका छोट्या चर्चमधे आठ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा. त्याच्या अंगातलं भूत काढायचं म्हणून चर्चमधल्या माणसाने त्याला जमिनीवर दाबून धरलं आणि मुलगा गुदमरून मेला. खटला बालछळाचा झाला, शिक्षा अडीच वर्षं, आणि सुटल्यावरच्या अटींमधे रीतसर प्रशिक्षणाशिवाय भूत उतरवू नये अशी एक अट. ही अट वाचून हसावं की रडावं कळेना. हा मुलगा कुठल्याच सिनेमाच्या पोस्टरवर नाही. झपाटलेल्या मुलाचे डोळे पांढरे होतात, आवाज घोगरा होतो, तो छतावर चढतो हे आपण दहा सिनेमांत पाहिलं आहे. गुदमरणं कॅमेऱ्यासाठी फारच साधं असतं.

या एका बाबतीत आपलं राज्य पुढे आहे असं मी म्हणेन, आणि देशाभिमान म्हणून नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो चार दिवसांत अध्यादेश म्हणून आला आणि डिसेंबरमधे विधिमंडळात मंजूर झाला. त्यातलं पहिलंच कलम पाहा: भूत उतरवण्याच्या मिषाने दोरीने-साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणाचं पाणी पाजणं, छताला टांगणं. ही यादी कुणा पटकथाकाराची नाही, कार्यकर्त्यांनी गावोगाव पाहिलेली आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. आणि अंमलबजावणीसाठी निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा पोलीस, 'दक्षता अधिकारी' या नावाने. सैतान आहे की नाही यावर हा कायदाही एक अक्षर बोलत नाही. देवळात जाऊ नका म्हणत नाही, अंगात येऊ देऊ नका असंही म्हणत नाही. बांधलेल्या बाईच्या अंगावरचे वळ मात्र मोजा म्हणतो. ते पंचांना दिसतात, डॉक्टरला दिसतात, फोटोत येतात.

बॉस्टनकडे राहणाऱ्यांसाठी किंवा फॉलला तिकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. ऑक्टोबरात सेलमला पार्किंग मिळत नाही, आधीच सांगून ठेवतो. तिथल्या पोलिसांच्या बाहीवरचा बिल्ला जरूर पाहा, त्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे. (विनोदबुद्धी म्हणावी की विसराळूपणा, तुम्हीच ठरवा.) दुकानं आणि म्युझियमं झाली की पोप स्ट्रीटला जा. फाशी दिलेली नेमकी जागा बरीच वर्षं वादात होती, ती २०१६ मधे संशोधकांनी पक्की केली आणि २०१७ मधे तिथे स्मारक झालं. वॉलग्रीन्सच्या मागे एक छोटा उतार, अर्धगोल भिंत, १९ नावं. पाच मिनिटांत बघून होतं. एलिझाबेथ जॉन्सन ज्युनियरचं नाव तिथे मिळणार नाही, कारण ती फाशीतून वाचली. १६९३ मधे दोषी ठरलेल्या तिघींपैकी ती एक. बाकीच्यांची नावं टप्प्याटप्प्याने साफ झाली, हिचं राहून गेलं. मग नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या पोरांनी आणि त्यांच्या बाईंनी आमदारांच्या मागे लागून ते करून घेतलं. जुलै २०२२ मधे, राज्याच्या बजेटच्या विधेयकात घातलेल्या एका दुरुस्तीने.